क्वेकर समाज आणि त्याची जीवनमूल्ये

आपल्या स्मरणिकेत ज्ञातीचा पूर्वेतिहास, कर्तबगार पूर्वजांची चरित्रे, शिक्षणसाहाय्यक निधीचा वृत्तांत इत्यादी विषयांवरील लेख वाचण्याची वाचकांस सवय आहे. त्यांच्या पंक्तीस एका परदेशी, परधर्मीय आणि संख्येने अगदी लहान अशा समाजाची हकीकत आणून बसवीत आहे. तेव्हा त्याचे कारण आरंभीच सांगणे अवश्य आहे. अल्पसंख्य समाजाने आपले वैशिष्ट्य कसे राखावे, अडचणीत सापडलेल्या आपल्या माणसांस हात कसा द्यावा आणि आपल्याच माणसांचे दोष त्यांच्या पदरात कसे घालावेत, हे तीन प्रश्न प्रत्येक ज्ञातिसंस्थेपुढे उभे असतात. इंग्लंडात उदय पावलेल्या क्वेकर नावाच्या ख्रिस्ती समाजापुढेही ते पावणेचारशे वर्षांपासून उभे आहेत. त्या समाजाने दिलेली काही उत्तरे अनुकरणीय आहेत, तर काही साफ चुकली. विशेष हे की, ती कोठे आणि कशी चुकली याच्या नोंदी त्या समाजाच्या स्वतःच्या दप्तरातच सापडतात. म्हणूनच हा इतिहास आपण वाचण्यासारखा आहे.

समाजाचा उदय

सतराव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडात मोठी उलथापालथ चालली होती. १६४२ साली राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी युद्ध पेटले आणि १६४९ साली पहिल्या चार्ल्स राजाचा शिरच्छेद झाला. राजसत्तेबरोबर राजमान्य चर्चचा अधिकारही डळमळला. खरा धर्म कोणता आणि तो सांगण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नांनी सामान्य शेतकरी व कारागीरसुद्धा अस्वस्थ झाले होते. लेस्टरशायर परगण्यातील एका विणकऱ्याचे पुत्र जॉर्ज फॉक्स (१६२४–१६९१) हे त्यांपैकीच एक होत. जोडे करणाऱ्या कारागिराच्या हाताखाली त्यांनी उमेदवारी केली होती. १६४३ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्यांनी घर सोडले आणि एका धर्मोपदेशकाकडून दुसऱ्याकडे असे ते हिंडत राहिले. परंतु समाधान कोठेच मिळाले नाही. अखेर १६४७ च्या सुमारास त्यांची अशी खात्री पटली की, माणसाच्या अंतःकरणाशी ख्रिस्त स्वतःच बोलतो. त्यासाठी विद्यापीठात शिकलेला पुरोहित मध्ये लागत नाही, आणि हा अंतःप्रकाश प्रत्येक माणसात आहे. क्वेकर समाजाची पुढील सर्व मूल्ये या एका श्रद्धेतून निघाली आहेत.

१६५२ च्या जून महिन्यात उत्तर इंग्लंडातील फर्बँक फेल या उघड्या माळावर सुमारे एक हजार लोकांपुढे फॉक्स यांनी प्रवचन केले. समाजाचा प्रारंभ पुष्कळजण तेथपासून मानतात. त्याच वर्षी स्वार्थमूर हॉल या वाड्याच्या मालकीणबाई मार्गारेट फेल त्यांच्या मतास अनुकूल झाल्या. त्यांचे यजमान न्यायाधीश होते. ते स्वतः या पंथात आले नाहीत, परंतु त्यांनी वाड्याचे दार या मंडळींस मोकळे ठेवले. पुढे अनेक वर्षे तो वाडा हीच समाजाची कचेरी, तेच अतिथिगृह आणि तेच पत्रव्यवहाराचे ठाणे होते.

'क्वेकर' म्हणजे थरथर कापणारा. हे नाव त्यांनी स्वतः घेतलेले नाही. १६५० साली डर्बी येथे फॉक्स यांस न्यायासनापुढे उभे केले असता, परमेश्वराच्या वचनापुढे थरथरा, असे त्यांनी न्यायाधीशासच बजावले. त्यावर न्यायाधीशाने हे टोपणनाव उपहासाने दिले, असे फॉक्स यांनी नमूद केले आहे. समाज स्वतःस 'मित्र' म्हणवितो आणि 'मित्रसमाज' हेच त्याचे अधिकृत नाव आहे. चेष्टेने मिळालेले नाव मात्र पुढे सचोटीची खूण होऊन बसले.

मौन, समता आणि सत्य

या समाजाच्या मूळ पद्धतीच्या उपासनेस प्रथमच जाणारा मनुष्य गोंधळून जातो. सभागृहात वेदी नाही, मूर्ती नाही, वाद्य नाही आणि पुरोहितही नाही. लोक बाकांवर येऊन बसतात आणि निःशब्द राहतात. कोणास अंतःप्रेरणा झाली तर तो उठून चार वाक्ये बोलतो व खाली बसतो. पुन्हा शांतता पसरते. कित्येकदा अखेरपर्यंत एक शब्दही उच्चारला जात नाही. बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे ख्रिस्ती धर्मातील प्रमुख संस्कार. परंतु खरा संस्कार अंतःकरणात घडतो, असे मानून या समाजाने त्यांचे बाह्य विधी सोडून दिले.

उपासनेत बोलण्याचा अधिकार स्त्रियांसही प्रारंभापासून होता. मार्गारेट फेल यांनी स्त्रियांचा धर्मोपदेश शास्त्रसंमत आहे असे प्रतिपादन करणारी पुस्तिका १६६६ साली प्रसिद्ध केली, तेव्हा त्या स्वतः लँकेस्टरच्या तुरुंगात होत्या.

अंतःप्रकाश सर्वांत सारखाच असेल तर व्यवहारात मानाच्या पायऱ्या कशासाठी, असा प्रश्न पुढे ओघानेच आला. त्या काळच्या इंग्रजीत आपल्या भाषेप्रमाणेच 'तू' आणि 'तुम्ही' असा भेद होता. बरोबरीच्यास व कनिष्ठास एकवचन, वरिष्ठास अनेकवचन. क्वेकरांनी गड्यापासून न्यायाधीशापर्यंत सर्वांस एकवचनाने संबोधण्यास प्रारंभ केला. वरिष्ठांपुढे टोपी काढण्याचेही त्यांनी नाकारले; टोपी काढावयाची ती केवळ परमेश्वराची प्रार्थना करतेवेळी, असा त्यांचा दंडक होता. आज या गोष्टी क्षुल्लक वाटतात. परंतु आपल्या घरात एखादा मुलगा वडिलांस एकाएकी 'अरे' म्हणू लागला तर काय होईल, याची कल्पना केल्यास त्या काळच्या इंग्रज गृहस्थांचा संताप समजू शकेल. या 'तू'पायी आणि टोपीपायी अनेकांनी मार खाल्ला, दंड सोसला आणि तुरुंगवास भोगला.

शपथेचीही तीच कथा आहे. शपथच वाहू नये. होय ते होय आणि नाही ते नाही असावे, अशी ख्रिस्ताची शिकवण मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनात आहे. क्वेकरांनी ती अक्षरशः घेतली. शपथेवर खरे बोलावयाचे म्हणजे एरव्ही खोटे बोलण्याची मुभा ठेवावयाची, असा त्यांचा युक्तिवाद होता. राजनिष्ठेची शपथ नाकारणाऱ्यास त्या काळी राजद्रोही ठरविणे सोपे होते आणि अधिकाऱ्यांनी ते शस्त्र वारंवार वापरले. अखेर १६९६ साली पार्लमेंटने क्वेकरांस शपथेऐवजी गंभीर प्रतिज्ञा करण्याची सवलत कायद्याने दिली. आज आपल्या न्यायालयांतही साक्षीदारास शपथ किंवा प्रतिज्ञा यांपैकी एक निवडता येते. या विकल्पाच्या पाठीशी इंग्रजी कायद्याची जी परंपरा आहे, तिच्या मुळाशी क्वेकरांचा हा हट्ट आहे.

बाजारातही त्यांनी हेच तत्त्व लावले. जास्त किंमत सांगून मग घासाघीस करून खाली येणे म्हणजे दोनदा खोटे बोलणे, असे मानून त्यांनी प्रत्येक मालाची एकच किंमत ठरविली. आरंभी गिऱ्हाईक बिचकले; परंतु लहान मुलास दुकानात पाठविले तरी फसवणूक होत नाही, असा अनुभव येताच त्यांची दुकाने भरभराटीस आली. विद्यापीठांची दारे धर्मविषयक अटींमुळे त्यांस बंद असल्याने त्यांची बुद्धी व्यापारउद्योगाकडे वळली. कोळशापासून केलेल्या कोकने लोखंड गाळण्याची रीत १७०९ साली कोलब्रुकडेल येथे यशस्वी करणारे अब्राहम डार्बी, बार्कले व लॉइड या पेढ्यांची घराणी, चॉकोलेटचे कारखानदार फ्राय, कॅडबरी व राउंट्री हे सर्व या छोट्या समाजातील होत. मात्र समाजाचा धाकही तसाच होता. कर्ज बुडविणाऱ्या व्यापाऱ्यास समाजातून काढून टाकीत. तुरुंगातील स्त्रियांची सेवा करून जगद्विख्यात झालेल्या एलिझाबेथ फ्राय यांच्या पतीची पेढी १८२८ साली बुडाली, तेव्हा त्यांचीही गय झाली नाही.

छळ आणि परस्परसाहाय्य

१६६० साली राजसत्ता पुनःस्थापित झाली. पुढील वर्षी लंडनमध्ये दुसऱ्या एका पंथाने सशस्त्र बंड केले आणि संशयाचा वरवंटा क्वेकरांवरही फिरला. त्यांनी राजास निवेदन सादर करून, कोणत्याही कारणासाठी आम्ही शस्त्र उचलणार नाही, असे जाहीर केले. तरीही छळ थांबला नाही. १६६२ साली खास त्यांच्याविरुद्ध कायदा झाला. १६६४ च्या कायद्याने राजमान्य चर्चबाहेरील उपासनेच्या सभांवर बंदी घातली. इतर बंदिस्त पंथ अशा वेळी रात्री, चोरून जमत. क्वेकर मात्र दिवसाढवळ्या, ठरल्या वेळी, ठरल्या जागी जमत आणि शिपाई आले म्हणजे निमूटपणे त्यांच्याबरोबर जात. अटलांटिकपलीकडील बोस्टन येथे तर मेरी डायर या क्वेकर स्त्रीस हद्दपारीचा हुकूम मोडून परत आल्याबद्दल १ जून १६६० रोजी फाशी देण्यात आले.

दोन प्रसंग सांगण्यासारखे आहेत. सभागृहास कुलूप लागल्यामुळे रस्त्यात प्रवचन केले, म्हणून विल्यम पेन आणि विल्यम मीड यांजवर १६७० साली लंडनमध्ये खटला झाला. बारा पंचांनी त्यांस दोषी ठरविण्याचे नाकारले. न्यायाधीशाने पंचांस अन्नपाण्यावाचून कोंडून ठेवले, दंड केला. तरी ते बधले नाहीत. पंचांनी दिलेल्या निर्णयाबद्दल त्यांस शिक्षा करता येत नाही, हे तत्त्व पुढे याच प्रकरणातून वरिष्ठ न्यायालयात प्रस्थापित झाले. दुसरा प्रसंग १६८२ सालचा, ब्रिस्टल शहरातील आहे. समाजातील बहुतेक सर्व प्रौढ मंडळी तुरुंगात गेली, तेव्हा मागे राहिलेल्या मुलांनी उपासनेची सभा स्वतः चालू ठेवली. त्यांस मारहाण झाली. तथापि सभेचा खंड पडला नाही.

या काळात समाजाने जी व्यवस्था उभी केली तिजकडे आपण विशेष लक्ष द्यावे. कोणास, कोठे, कोणत्या कायद्याखाली पकडले, किती दंड झाला, घरातील कोणती भांडी आणि कोणती गुरे जप्त झाली, याची बारीक नोंद गावोगाव ठेवून ती लंडनला पाठवीत. तेथे या कामासाठी १६७० नंतरच्या दशकात एक स्वतंत्र सभा नेमली गेली. तिचे नावच 'यातनासभा' अशा अर्थाचे आहे. नोंदींच्या आधारे पार्लमेंटकडे अर्ज करणे, कैद्यांची सुटका करविणे आणि त्यांच्या बायकामुलांच्या अन्नवस्त्राची तजवीज करणे हे तिचे काम. शेकडो क्वेकर तुरुंगात मरण पावले. परंतु ज्याची नोंद नाही आणि ज्याच्या घरी विचारपूस नाही असा मनुष्य होता होईतो राहू नये, याची काळजी समाजाने घेतली. १६८९ च्या सहिष्णुतेच्या कायद्याने हे पर्व संपले.

गुलामांचा प्रश्न

येथवरचा इतिहास कोणत्याही समाजास अभिमान वाटावा असा आहे. परंतु बाहेरच्यांचा अन्याय सोसणे ही मूल्यांची एक कसोटी झाली. आपल्या हातून होणारा अन्याय ओळखणे ही दुसरी, आणि ती अधिक कठीण.

विल्यम पेन यांस १६८१ साली इंग्लंडच्या राजाकडून अमेरिकेत विस्तीर्ण मुलूख मिळाला, तोच पेनसिल्व्हेनिया. तेथे क्वेकरांस प्रथमच राज्य चालविण्याची संधी मिळाली. धर्मस्वातंत्र्य आणि मूळ रहिवाशांशी सलोखा ही पेन यांची धोरणे प्रसिद्ध आहेत. परंतु त्याच मुलखात आफ्रिकेतून आणलेले गुलाम विकले जात होते, आणि ते विकत घेणाऱ्यांत सुखवस्तू क्वेकर होते. खुद्द पेन यांच्या पदरी गुलाम होते. फॉक्स यांनी १६७१ साली बार्बाडोस बेटावर गुलामांची स्थिती पाहिली होती. त्यांस दयेने वागवावे, धर्म शिकवावा आणि काही वर्षांनी मोकळे करावे, इतकाच उपदेश त्यांनी केला. गुलामगिरी हेच पाप, असे ते म्हणाले नाहीत. न्यायाधीशापुढे टोपी न काढणारी माणसे घरी मात्र माणसांची मालक होती!

१६८८ साली फिलाडेल्फियाजवळच्या जर्मनटाउन या वस्तीतील चार गृहस्थांनी एक अर्ज लिहिला. ते युरोप खंडातून नुकतेच आलेले स्थलांतरित होते आणि इंग्रजी भाषा त्यांस फारशी सफाईने येत नव्हती. आपणांस जसे वागविले जावे असे वाटते तसेच आपण इतरांस वागवावे, ही ख्रिस्ताची शिकवण. तिला रंगाचा अपवाद आहे काय, असा त्यांचा प्रश्न होता. माणसे चोरणारा आणि चोरलेली माणसे विकत घेणारा यांच्यात भेद तो कोणता, असेही त्यांनी विचारले.

या अर्जाचे पुढे काय झाले हे समजण्यासाठी समाजाची निर्णयाची रीत ध्यानात घेतली पाहिजे. गावची मासिक सभा, तिच्यावर त्रैमासिक सभा आणि सर्वांवर वार्षिक सभा अशी तिची उतरंड आहे. कोणत्याही सभेत मतदान होत नाही. सर्वांचे बोलणे ऐकून, मध्ये शांतता राखून, सभेचे मत कोणत्या बाजूस स्थिर होत आहे हे चिटणीस ओळखतो आणि ठराव तेथेच लिहून वाचून दाखवितो. कोणाचा मनापासून विरोध असेल तर विषय पुढे ठेवतात. बहुमताच्या जोरावर अल्पमतास दडपावयाचे नाही, हा यातील उदात्त हेतू. अर्ज मासिक सभेपुढे आला. प्रश्न फार भारी आहे म्हणून तिने तो वर पाठविला. त्रैमासिक सभेनेही तसेच केले. वार्षिक सभेने, हा विषय इतर अनेक भागांशी निगडित असल्याने त्यावर निश्चित मत देणे उचित नाही, असे ठरवून तो बाजूस ठेवला. अर्ज कोणी फेटाळला नाही. तो नुसता दप्तरात गेला.

पुढे पन्नास वर्षांनी बेंजामिन ले या ठेंगण्या, पाठीस पोक असलेल्या गृहस्थांनी निराळा मार्ग धरला. बार्बाडोसमध्ये गुलामांचे हाल त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. १७३८ साली बर्लिंग्टन येथील वार्षिक सभेत ते अंगरख्याखाली सैनिकी पोशाख आणि तलवार लपवून आले. पोकळ केलेल्या पुस्तकात त्यांनी तांबड्या रसाने भरलेला फुगा दडविला होता. गुलाम बाळगणारा माणसाच्या काळजातच तलवार खुपसतो, अशा आशयाचे बोलून त्यांनी पुस्तकात तलवार भोसकली आणि जवळ बसलेल्यांच्या अंगावर रक्तासारखे शिंतोडे उडाले. समाजाने त्यांस बाहेर काढले.

तिसरा मार्ग जॉन वुलमन (१७२०–१७७२) यांचा. न्यू जर्सीतील माउंट हॉली येथे ते एका दुकानात नोकरीस होते. वयाची पंचविशी उलटण्यापूर्वीचीच गोष्ट. मालकाने एका निग्रो स्त्रीच्या विक्रीचे खत लिहावयास सांगितले. घेणारा वृद्ध क्वेकर होता, मालकाची आज्ञा होती. वुलमन यांनी खत लिहून दिले. परंतु त्यांच्या मनास चैन पडेना. हे काम ख्रिस्ती धर्माशी विसंगत आहे असे वाटते, इतके त्यांनी त्याच वेळी बोलून दाखविले, आणि पुढे असे दस्तऐवज लिहिण्याचे नाकारले. मृत्युपत्रात गुलामाची वाटणी असेल तर ते लेखणी खाली ठेवीत आणि आपले कारण शांतपणे सांगत.

वुलमन यांचा धंदा वाढू लागला, तेव्हा पसारा मनास बांधून टाकील या भयाने त्यांनी तो कमी केला आणि शिवणकामावर निर्वाह चालविला. गुलाम बाळगणाऱ्या क्वेकरांच्या घरोघर ते पायपीट करून जात. कोणाचा पाहुणचार घेतला आणि तेथे गुलामांनी सेवा केली, तर निघतेवेळी त्या सेवेची मजुरी ते देत. यजमानास ते पैसे अवघड होत. कारण जे फुकट समजत होतो ते फुकट नव्हते, हे त्या नाण्यांनी बोलून दाखविलेले असे. १७५४ साली त्यांनी या विषयावर पुस्तिका छापविली. याच सुमारास सीमेवर युद्ध पेटले आणि शांततेचे तत्त्व व युद्धखर्चास मंजुरी यांचा मेळ बसेना, म्हणून १७५६ साली अनेक प्रमुख क्वेकरांनी पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळातील जागा सोडल्या. राज्यकारभारातून मोकळा झालेला समाज आत्मपरीक्षणाकडे वळला.

१७५८ च्या वार्षिक सभेत हा विषय पुन्हा निघाला. तो पुढे ढकलावा, वेळ येईल तेव्हा मार्ग सापडेल, असे अनेकांचे म्हणणे पडले. तेव्हा वुलमन यांनी उठून, गांजलेल्यांचा आक्रोश परमेश्वराच्या कानी गेलेला असता काही व्यक्तींच्या स्वार्थाकडे पाहून आपण विलंब करीत राहणे योग्य नव्हे, अशा आशयाचे भाषण केले. सभेचे मत पालटले. गुलामांची खरेदी-विक्री करणाऱ्यास समाजाच्या कारभारात भाग घेऊ देऊ नये आणि मालकांची घरोघर भेट घेऊन त्यांस गुलाम मुक्त करण्यास सांगावे, असे ठरले. भेटीस जाणाऱ्यांत वुलमन होतेच. १७७२ साली ते इंग्लंडला गेले, तेथे यॉर्क शहरी देवीच्या रोगाने त्यांचा अंत झाला. चार वर्षांनी, १७७६ साली, फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने अखेरचा निर्णय केला : जो गुलाम मुक्त करणार नाही तो आमच्या समाजाचा नव्हे. पुढे १७८७ साली लंडनमध्ये गुलामांच्या व्यापाराविरुद्ध जी समिती स्थापन झाली तिच्या बारा संस्थापकांपैकी नऊ क्वेकर होते, आणि १८०७ साली ब्रिटिश पार्लमेंटने तो व्यापार बंद केला.

या विजयाचे श्रेय क्वेकरांस द्यावयास हवे. परंतु १६८८ पासून १७७६ पर्यंत अठ्ठ्याऐंशी वर्षे लोटली, हेही विसरता कामा नये. एकमताची वाट पाहण्याची रीत सोज्ज्वळ खरी. पण जे सभेत बसलेच नव्हते, ज्यांच्यासाठी प्रश्न होता, त्यांच्या दोन-तीन पिढ्या त्या प्रतीक्षेत दास्यातच मेल्या. समाज दुभंगू नये म्हणून जो विलंब केला त्याची किंमत समाजाबाहेरच्यांनी मोजली.

बाक आणि विवाह

गुलाम मुक्त झाले म्हणून समता आली असेही झाले नाही. फिलाडेल्फियाच्या सभागृहात कृष्णवर्णीय उपासकांसाठी निराळे बाक राखून ठेवलेले असे. सारा मॅप्स डग्लस या विदुषी शिक्षिकेने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, लहानपणी आईबरोबर त्या बाकावर बसताना काय वाटे, ते लिहून ठेवले आहे. ज्यांच्या मुक्ततेसाठी समाजाने आपल्या सधन घराण्यांशीही विरोध पत्करला, त्यांच्याच शेजारी बसण्यास मात्र त्याचे मन धजेना. पंगतीचा अर्थ ज्यांस ठाऊक आहे अशा आपल्या वाचकांस यावर अधिक सांगणे नलगे.

दुसरी उणीव विवाहाविषयीची होती. समाजाबाहेर विवाह करणाऱ्यास समाजातून काढून टाकण्याचा नियम होता. त्याचा हेतू शुद्ध होता. घरात एक श्रद्धा असावी, मुले त्याच संस्कारात वाढावीत. परिणाम उलट झाला. समाज लहान, स्थळे थोडी. दर पिढीस कितीएक सुशील तरुण-तरुणी केवळ या नियमापायी दुरावली आणि त्यांच्याबरोबर त्यांची भावी संततीही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडातील क्वेकरांची संख्या पूर्वीच्या निम्म्याहून खाली गेली होती. तेव्हा १८५८ साली, समाजाचा ऱ्हास का होत आहे, या विषयावर निबंधांची स्पर्धा जाहीर झाली. पारितोषिक मिळविणारे यॉर्कचे तरुण गृहस्थ जॉन स्टीफन्सन राउंट्री यांनी आपल्या निबंधात इतर कारणांबरोबर या नियमावर स्पष्ट बोट ठेवले. १८६० च्या सुमारास नियम शिथिल झाला. आपल्याच ऱ्हासाची कारणे शोधणाऱ्याची पाठ थोपटावी, आणि त्याचे म्हणणे पटले म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षे कसोशीने पाळलेली रीत बदलावी, हे थोड्या समाजांस साधले आहे.

आपल्या देशाशी संबंध

रेचेल मेटकाफ या पहिल्या क्वेकर सेविका १८६६ साली भारतात आल्या. पुढे होशंगाबाद परिसरात या समाजाचे कार्य रुजले. मार्च १९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहापूर्वी महात्मा गांधींनी व्हाइसरॉयला लिहिलेले पत्र नेऊन पोहोचविणारे रेजिनल्ड रेनल्ड्स हे तरुण इंग्रज क्वेकरच होते. वर्ध्याजवळील सेवाग्राम येथे स्वातंत्र्योत्तर काळात नयी तालीमच्या कार्यास वाहून घेणाऱ्या मार्जोरी साइक्स याही याच समाजाच्या. १९९५ साली त्या निवर्तल्या. दोन्ही महायुद्धांच्या काळात व नंतर पीडितांस शत्रुमित्रभाव न ठेवता अन्नवस्त्र पुरविल्याबद्दल १९४७ सालचे शांततेचे नोबेल पारितोषिक ब्रिटन व अमेरिका येथील क्वेकर सेवासंस्थांस मिळाले. आज या समाजाची सर्वांत मोठी लोकसंख्या इंग्लंडात नसून आफ्रिकेतील केनिया देशात आहे, आणि तेथील उपासनेत गायन व प्रवचनही असते. बाह्य रीत देशकालाप्रमाणे बदलली, हे त्यांच्या मूळ तत्त्वाशी सुसंगतच म्हणावे लागेल.

उपसंहार

ज्ञातिबंधुभगिनींनो, समाजाची मूल्ये त्याच्या घटनेत किंवा अध्यक्षीय भाषणात शोधू नयेत. ज्यासाठी समाज तोटा सोसण्यास तयार होतो ते त्याचे मूल्य. 'तू' म्हणण्यासाठी क्वेकरांनी तुरुंग सोसला, म्हणून समता हे त्यांचे मूल्य ठरले. गुलामांच्या बाबतीत तोटा सोसण्यास ते तयार नव्हते तोवर तेच मूल्य त्यांच्या ओठांवर असूनही त्यांचे नव्हते. ते त्यांचे झाले ते चार परक्या स्थलांतरितांच्या मोडक्या भाषेतील अर्जामुळे, एका बहिष्कृताच्या आक्रस्ताळ्या सत्यामुळे आणि एका शिंप्याच्या चिकाटीमुळे. तिघांचेही पटकन ऐकले गेले नाही. बेंजामिन ले यांस तर त्यांच्या गावच्या सभेने अडीच शतकांहून अधिक काळ लोटल्यावर पुन्हा आपले म्हटले.

१६८८ चा तो अर्ज पुढे विस्मृतीत गेला. १८४४ साली जुन्या कागदांत तो पुन्हा सापडला, तेव्हा तो लिहिणाऱ्यांच्या आणि तो बाजूस ठेवणाऱ्यांच्या कित्येक पिढ्या होऊन गेल्या होत्या. आपल्या संस्थेच्या दप्तरातही जुनी इतिवृत्ते आहेत. विषय महत्त्वाचा आहे, तथापि वेळेअभावी पुढील सभेत घ्यावा, असे शेरे त्यांत असतील. कोणी विधवा भगिनीने केलेला अर्ज असेल, कोणा तरुणाने हुंड्याविषयी वा विवाहाच्या मर्यादेविषयी विचारलेला प्रश्न असेल. येत्या वार्षिक सभेपूर्वी कार्यकारी मंडळाने ती इतिवृत्ते एकवार काढून वाचावीत आणि पुढे ढकललेल्या विषयांची यादी सभासदांपुढे ठेवावी, अशी या लेखाच्या शेवटी नम्र विनंती आहे.